ज्या घराने मामाजींचा जीव वाचवला, त्याच घराला हिशेब कसा मागू?

बोडीकाठची

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातली, चुलबंद नदीच्या पट्ट्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तं सांजेपर्यंत वाड्यावर पोचते. वॉर्ड क्रमांक दोनची सदस्य आहे. दहावी शिकली, बचत गट चालवते, दीड एकर धान आहे.

आमच्या गावात मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, वाडा आहे. मालगुजारी १९५१ मध्येच गेली म्हणतात, पण आजही आमच्या गावात कोणी ‘सरपंचाकडे जाऊन येतो’ म्हणत नाही, ‘वाड्यावर जाऊन येतो’ म्हणते. सरपंच वाड्यातलेच आहेत. त्यांच्या आधी त्यांचे काका होते, मधात एकदा बाईची राखीव जागा निघाली तेव्हा त्यांची काकू. आमच्या वॉर्डाची जागा बायांसाठी सुटली तेव्हा वाड्यावरून निरोप आला की तुमच्या सुनेचा अर्ज भरा. समोर कोणी उभंच नाही राहिलं. अनामत रक्कमसुद्धा तिकडूनच भरली गेली. तेव्हापासून महिन्याच्या सभेला जाते, चहा घेते, सही करते, घरी येते.

दिवाळीच्या सुटीत, आमच्याकडे मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, गडबड चालू होती तेव्हा, माझ्या नववीतल्या पोरीनं मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडलं. आपल्या ग्रामपंचायतीनं कशावर किती पैसा खर्च केला ते त्यात दिसते. ती एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती अन् मी चुलीपाशी होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून तलावावर घाटाचं बांधकाम, एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार, असं तिनं वाचलं. मंग मला विचारते, “आई, आपल्या तलावावर घाट कुठं आहे?”

घाट नाही. त्या तलावावर मी लग्न होऊन आली तेव्हापासून कपडे धुते. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, उतरायला एक घसरंडी आहे अन् खाली चार दगड. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचा हात मागच्या पावसाळ्यात तिथंच मोडला, अजून सरळ होत नाही. घाट असता तं त्या बाईचा हात आज सरळ असता, हे मनातून जातच नाही.

तलावाची दुसरीही गोष्ट आहे. जानेवारी लागला की पाणी लवकर सोडतात, अन् उघडी पडलेली पेटातली, म्हणजे तलावाच्या तळाची, जमीन वाडा उन्हाळी धानाखाली घेते. आमचे ढीवर लोक मासोळीसाठी पाण्याकडे पाहत राहतात. त्याच्यावरही कोणी बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, विचारा सभेत, घाबरता काहून? भीतीचा सवाल असता तं मी इथं आलीच नसती. चार वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसात मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, धानाच्या बांधीत साप चावला. रात्रीचे आठ, पाऊस सुरू, आमचे हे नागपूरला कामावर. वाड्यातल्या लोकांनी जीप काढली. सरपंच स्वतः चालवत होते, मामाजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भंडाऱ्याला पोचलो म्हणून मामाजी आज ओसरीत बसून विडी ओढतात. त्या रात्रीचे पैसे विचारले तं सरपंच म्हणाले, “वहिनी, पैशाचं काय बोलता.”

मामाजी म्हणतात, ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरावर बोट नाही उचलायचं. मला त्यांचं म्हणणं खोटं वाटत नाही, अन् घाट नाही हेही खोटं नाही. कोणी अशा जागी सापडलं असेल तं सांगा, तुम्ही काय केलं? अन् सुरुवात कुठून करू?

---

सेवानिवृत्त ग्रामसेवक, वर्धा

ताई, मी एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो, आता ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तुमच्या मनाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा इतर जण चांगलं देतील. मी कागदांचं सांगतो.

पण त्याआधी मला एक सांगा, आणि रागावू नका. घाटाच्या कामाला आणि खर्चाला मासिक सभेत मंजुरी झाली असेल. त्या सभेच्या प्रोसिडिंग बुकात तुमची सही आहे का?

आता कागद. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ग्रामपंचायतीतच द्यायचा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. म्हणून तलावाच्या पेटातली शेती, मासेमारी, पाणी सोडणं हे सगळं आत्ता बाजूला ठेवा. एक घाट घ्या. त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची म्हणजे एमबीची नक्कल, बिलं आणि व्हाउचर, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि कामाचे फोटो मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं ते पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीत पहिलं अपील करायचं. वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो.

एमबीवर मी भर देतो याला कारण आहे. बिल कुणीही छापून आणतो. एमबीत मात्र अभियंत्याला लांबी, रुंदी, उंची लिहून खाली सही करावी लागते. पायरी इतकी लांब, इतकी रुंद असं लिहिलेलं असेल आणि जागेवर पायरीच नसेल, तर उत्तर एकट्या सरपंचाला द्यावं लागत नाही. वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या डिजिटल सहीशिवाय खात्यातून निघत नाही. म्हणजे तुमच्या अर्जाने किमान तीन माणसं विचारात पडतात आणि त्यातली दोन पगारी आहेत. पगारी माणूस आधी बोलतो, हा माझा अनुभव आहे.

आणि तलाव वाड्याचाच आहे असं गावात कुणी म्हणत असेल तर तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा काढा. तुमच्याकडचे मालगुजारी तलाव, लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात, ते मालगुजारी संपल्यावर बहुतांशी शासनाकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. जुन्या बंदोबस्ताच्या वेळचं वाजिब-उल-अर्ज आणि नंतरचं निस्तार पत्रक अभिलेखात असतं. गावाचे पाण्याचे, गुरांचे, माशांचे हक्क त्यात लिहिलेले असतात. घाटाचं काम तडीस गेल्यावर तो कागद काढा. तो फार कामाचा आहे.

---

धानोऱ्याचा

मी गडचिरोली जिल्ह्यातला, धानोरा तालुका. आमच्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. तिथल्या चळवळीचे पुढारी देवाजी तोफा, त्यांचं गाव. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, त्यांनी एक दिवस घोषणा दिली अन् जंगल मिळालं. तसं नव्हतं. त्यांचा अभ्यास गट होता. संध्याकाळी बसायचे, एकेक कायदा, एकेक हक्क समजून घ्यायचे, अन् ग्रामसभेत जोवर सगळ्यांचं एकमत होत नाही तोवर निर्णय घ्यायचे नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रातले मंत्री जयराम रमेश गावात आले अन् परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा तो अडकलेला गाडा सुटला. कागदावर हक्क आल्यावरही दोन वर्षं थांबावं लागलं त्यांना.

तुम्हाला हे सांगण्याचं कारण असं की तुम्ही एकट्या विचारून राहिल्या. एकट्या बाईनं विचारलं तं ते तुमच्या घराचं अन् वाड्याचं भांडण होते, मंग जीप निघते, साप निघतो, मीठ निघते. पन्नास बायांनी विचारलं की घाट कुठं आहे, तं जीपची गोष्ट त्यात कुठं बसवणार? त्या पन्नास जणी त्या जीपमध्ये नव्हत्या.

तुमचा बचत गट हाच तुमचा अभ्यास गट समजा. मीटिंगीत मोबाईलवरची ती ओळ फक्त वाचून दाखवा. चोर, खाल्ले, असला एकही शब्द बोलू नका. ओळ वाचा अन् गप्प राहा.

---

वाड्यातला

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका घरातला आहे. आमच्याकडे मालगुजारी नव्हती, पाटीलकी होती, पण ताईंनी लिहिलेलं सगळं ओळखीचं आहे. पुण्यात नोकरी करतो, गावी शेती आहे.

आमच्या घराने लोकांची कामं मनापासून केली. माझ्या आजोबांनी रात्री-अपरात्री बैलगाडी जुंपलेली मला आठवते. त्यात डाव नव्हता. पण मोठा झाल्यावर एक लक्षात आलं. गावाला दवाखान्याची गाडी मिळावी म्हणून आमच्या घरातून कधी एक अर्ज गेला नाही. चार पिढ्या सत्ता होती, तालुक्यापर्यंत ओळखी होत्या, मनात आणलं असतं तर गाडी गावाच्या नावाने उभी राहिली असती. गाडी आमची राहिली आणि गाव आमचं देणेकरी राहिलं. हे कुणी ठरवून केलं नाही, पण आम्हाला सोयीचं होतं म्हणून तसंच चालू राहिलं. मला याची लाज वाटते म्हणून लिहितो आहे.

माझं मत थोडं वेगळं आहे. अर्ज देण्याआधी एकदा सरपंचांना तोंडावर विचारा, सोबत एक साक्षीदार बाई घेऊन. कामाचा पैसा दुसऱ्या कामात वापरला गेला असेही प्रकार होतात. ते चूकच, पण चोरीपेक्षा वेगळं. आणि त्या रात्रीचे आभार पुन्हा एकदा माना, खरोखर मनापासून. आभार वेगळे आणि हिशेब वेगळा, हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या.

---

बोडीकाठची

ग्रामसेवक भाऊ, सही आहे.

तुमचा प्रश्न वाचला अन् दोन दिवस इथं आलीच नाही. मंग ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग पाहायला मागितलं. शिपायानं दिलं. ठराव आहे, घाटाचं नाव आहे, रक्कम आहे, अन् खाली तिसऱ्या नंबरवर माझी सही आहे, पूर्ण नाव लिहून केलेली. मी वाचलंच नव्हतं. लिहिण्याआधी कोऱ्या पानावर सही घेतली होती की लिहिल्यावर, तेही मला आठवत नाही.

आता मला वाटते, ज्या म्हातारीचा हात मोडला तिला मी काय तोंड दाखवू? मी विचारायला उठली तं पहिल्यांदा हेच पान माझ्यापुढं धरतील.

वाड्यातल्या भाऊ, तुम्ही लिहिलेलं मी मामाजींना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “माझ्या बापानं त्यांच्या घरी बेगार केली, त्याचे पैसे कोणी मोजले?” आधी त्यांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

---

माजी सरपंच, चिमूर तालुका

बाई, मी तुला तूच म्हणते, वयानं मोठी आहे. मी सरपंच होती, महिला राखीव जागेवर. थेट निवडणूक यायच्या आधीची गोष्ट, तेव्हा सदस्यच सरपंच निवडत. दीड वर्षात मला काढलं. नऊ सदस्यांपैकी सात जणांना गाडीत घालून देवदर्शनाला नेलं, मतदानाच्या सकाळी सरळ सभेत उतरवलं. त्यातल्या दोन बाया माझ्या सोबत धान निंदणाऱ्या होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी.

माझी चूक तुला सांगते. माझ्याही सह्या होत्या, आधीच्या काळातल्या, सदस्य असतानाच्या. मी त्या लपवल्या. वाटलं, कोणाला माहीत आहे. ज्या दिवशी मी रस्त्याच्या बिलाबद्दल तोंड उघडलं, त्याच दिवशी समोरच्यांनी माझी सही काढली. अन् लोक माझ्यापासून सरकले. रस्त्याचा प्रश्न खरा होता, पण तो विचारणारी खोटी ठरली. तुझी सही तू स्वतः सांग, त्यांच्या आधी, भर सभेत. “मी न वाचता सही केली, ती माझी चूक आहे, अन् म्हणून मीच विचारते.” एवढं म्हटलं की त्यांच्या हातातलं पान रिकामं होते.

अन् सभा कोणती धरायची ते ऐक. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावीच लागते, कायद्यात आहे ते. बहुतेक गावांत ती कागदावरच होते, अंगणवाडीत चार बायांच्या सह्या घेऊन. ती खरी भरव. तिथं घोगऱ्या आवाजात दटावणारे कमी राहतात. तिथं जे ठरते ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घे, स्वतः वाच, मंगच सही कर. मोठ्या ग्रामसभेचं ध्यानात ठेव, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे लोक लागतात. नाही आले तं सभा तहकूब, अन् तहकूब झालेल्या सभेला संख्येची अट राहत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं पहिली सभा मुद्दाम पडू देत अन् दुसरीत दहा जण सगळं मंजूर करत. पहिल्याच सभेला बाया आण.

सरपंचाला पाडायचं डोक्यात घेऊ नको. लोकांनी थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तं सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागते, अन् वरून ग्रामसभेत गुप्त मतदान. त्यात गाव दोन फळ्यांत फाटते अन् घाट राहतो तसाच.

मी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेली होती, दारूबंदीसाठी, हजारो बायांसोबत. पाय सुजले होते. पाच वर्षं गेली, २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली. २०२१ मध्ये उठवली. त्या दिवशी मी जेवली नाही. तरी त्या वाटेवर ज्या बायांशी ओळख झाली त्यांच्याशी आजही फोनवर बोलते, अन् माझ्यावर अविश्वास आला तेव्हा तालुक्याला माझ्यासोबत बसायला त्याच आल्या होत्या.

---

बोडीकाठची

काल, २५ तारखेला, बायांची सभा झाली. सगळं लिहून ठेवते, नाही तं विसरेन.

सभेच्या आधी मी सरपंचांना विचारायला गेली, वाड्यातल्या भाऊंनी सांगितलं होतं म्हणून. सोबत गटाची सचिव होती. त्या रात्रीचे आभार मानले, अन् घाटाचं विचारलं. ते म्हणाले, पैसा दुसऱ्या कामात गेला, कागद जुळवून घेऊ, तुम्ही यात नका पडू. मी म्हटलं, कोणत्या कामात ते लिहून द्या. ते उठून आत गेले. परत आलेच नाही. आम्ही दोघी पंधरा मिनिटं ओसरीत उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या चिखलणीला वाड्यावरचा ट्रॅक्टर आला नाही. उन्हाळी धानाचे परे, म्हणजे रोपं, तयार आहेत. यांनी शेजारच्या गावातून भाड्यानं आणला, तासाला दोनशे जास्त देऊन.

सभेला अंगणवाडीत एकसष्ट बाया आल्या. एवढ्या मी हळदीकुंकवालाही पाहिल्या नव्हत्या. मी उठली, हात कापत होते. आधी माझ्या सहीचं सांगितलं, चिमूरच्या ताईंनी सांगितलं तसंच. कोणी काहीच बोललं नाही. वाटलं, संपलं. मंग पोरीनं लिहून दिलेली ओळ वाचली, रक्कम वाचली, अन् खाली बसली.

ज्या म्हातारीचा हात मोडला ती मागं भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “चाला, पाहून येऊ. मले तं दिसला नाई, तुमाले दिसते का पाहा.” अन् ती उठली. तिच्या मागं सगळ्या उठल्या. आमचे ग्रामसेवक साहेब म्हणत राहिले की सभा इथंच घ्यावी लागते, पण मंग तेही आले, प्रोसिडिंग बुक काखेत घेऊन. पाळीवर एकसष्ट बाया उभ्या अन् खाली ते चार दगड. साहेबांनी तिथंच, पाळीवर बसून लिहिलं की जागेवर घाट आढळला नाही, कामाची चौकशी व्हावी असा महिला सभेचा ठराव. मी दोनदा वाचलं, मंग सही केली. चार जणींनी सही नाही केली, त्यांची माणसं वाड्यावर कामाला आहेत. मी त्यांना काही म्हटलं नाही.

रात्री मामाजींना माहिती अधिकाराचा अर्ज वाचून दाखवला. तीन वेळा ऐकला. म्हणाले, “रकमेचा आकडा अक्षरातही लिही, खोडता येत नाही मंग.” तसा लिहिला.

आज सकाळी अर्ज दिला. पोच म्हणून नुसती सही अन् तारीख मिळाली, शिक्का नाही, आवक नंबरही नाही. ग्रामसेवक भाऊ, एवढी पोच चालते का?

---

सेवानिवृत्त ग्रामसेवक, वर्धा

नाही चालत, ताई. उद्याच कार्यालयात जा, आवक नोंदवहीत तुमच्या समोर नोंद करायला लावा आणि त्याचा क्रमांक तुमच्या प्रतीवर शिक्क्यासह घ्या. टाळाटाळ केली तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. तीस दिवस कधी मोजायला लागायचे ते त्या तारखेवर ठरतं. महिला सभेच्या ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडेही द्या, तिच्यावरही शिक्का घ्या. आणि तुमच्या प्रतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तुमच्या लेकीला सांगा.